नांगर कुणाच्या अंगणात?

नोकरी सोडली, घर विकले, शिडाची बोट घेतली आणि आता या बेटावरून त्या बेटावर फिरतो आहोत, असे सांगणारी जोडपी हल्ली घरबसल्या पाहायला मिळतात. ते पाहून आपल्याकडच्या सुशिक्षित माणसाच्या मनात एक सिद्धान्त पक्का होत चालला आहे. समुद्र कुणाच्या मालकीचा नाही, वारा फुकट आहे, उष्ण प्रदेशातली बेटे मोकळी पडली आहेत; म्हणून बोटीवरचे जगणे हे आज मिळू शकणारे सर्वांत स्वतंत्र जगणे. या सिद्धान्ताचे तिन्ही आधार मला चुकीचे वाटतात, आणि तिसरा तर एका मोठ्या अन्यायावर पांघरूण घालणारा वाटतो.

पूर्वपक्ष मात्र पोकळ नाही. जोशुआ स्लोकमने स्वतःच्या हातांनी नव्याने बांधलेल्या 'स्प्रे' बोटीतून 1895 ते 1898 या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. बेर्नार मोइतेसिए 1968 साली सुरू झालेल्या, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत जिंकण्याच्या बेतात होता. इंग्लंडकडे वळण्याऐवजी तो पुढे निघाला आणि 1969 मध्ये ताहितीला पोहोचला. बक्षीस आणि कीर्ती त्याने सहज सोडून दिली. बोटीवरचा माणूस पावसाचे पाणी साठवतो, उन्हावर बॅटऱ्या भरतो, मोजक्या वस्तूंत भागवतो. हे सारे खरे आहे आणि मला त्याचा आदरही आहे.

पण वाऱ्याचे पाहा. कॅरिबियनमध्ये 1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल. गालापागोसहून मार्केसासपर्यंतचे सुमारे 3000 सागरी मैल वसंतात कापायचे, पुढे टोंगा, फिजी करत वादळांच्या आधी न्यूझीलंड गाठायचे किंवा बोट कुठेतरी सुरक्षित ठेवायची. जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणाऱ्या आपल्या कोळीवाड्यात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. वादळे ग्रेनाडापर्यंत खाली उतरत नाहीत, या समजुतीवर विसंबून अनेकांनी बोटी तिथल्या खाड्यांत ठेवल्या होत्या. 7 सप्टेंबर 2004 रोजी 'आयव्हन' नेमके तिथेच आले. 1 जुलै 2024 रोजी 'बेरिल'ने शेजारचे कारियाकू झोडपले, तेव्हा खारफुटीत दोर बांधून उभ्या केलेल्या बोटीही वाचल्या नाहीत. खुद्द मोइतेसिएची 'जोशुआ' 1982 साली मेक्सिकोच्या काबो सान लुकासला एका रात्रीच्या वादळात इतर अनेक बोटींसह किनाऱ्यावर आदळली. वारा फुकट असेल, पण वेळापत्रक तोच ठरवतो.

समुद्राच्या मालकीचा मुद्दा जरा बारकाईने तपासावा लागतो. खुल्या समुद्रावर संचाराचे स्वातंत्र्य आहे, यात वाद नाही. मात्र बोटीवर राहणाऱ्याचा बहुतेक काळ खुल्या समुद्रावर जातच नाही. तो जातो नांगरावर, बेटाच्या आडोशाला. तिथे 12 सागरी मैलांपर्यंत त्या देशाची सत्ता चालते. 1982 च्या सागरी कायद्याच्या करारानुसार या पट्ट्यातून परक्या बोटीला निरुपद्रवी मार्गक्रमणाचा हक्क मिळतो, पण ते मार्गक्रमण सलग आणि विनाविलंब व्हावे लागते. थांबणे किंवा नांगर टाकणे हे प्रवासाच्या ओघात किंवा संकटातच चालते. म्हणून परक्या बंदरात शिरताना डोलकाठीच्या उजव्या बाजूला पिवळा झेंडा चढवायचा, आरोग्य, जकात आणि पारपत्राचे अधिकारी मोकळीक देईपर्यंत किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही, अशी रीत आहे. न्यूझीलंडमध्ये तर बोटीचा तळ शेवाळ-शिंपल्यांपासून स्वच्छ असल्याचा पुरावाही मागतात.

आता बेटे. फिजीच्या दूरच्या बेटांपैकी एखाद्यापुढे नांगर टाकला की पोहायला उडी मारायची नसते. आधी नीट कपडे करून गावात जायचे. बाजारातून घेतलेली कावाची वाळकी मुळे, कागदात गुंडाळून दोरीने बांधलेली जुडी, गावच्या प्रमुखासमोर चटईवर ठेवायची. हातात द्यायची नाही. तो ती उचलतो, टाळ्या वाजतात, चार शब्द बोलले जातात, आणि पाहुणा त्या गावाच्या जबाबदारीत येतो. या विधीला सेवुसेवु म्हणतात. समोरचे प्रवाळ, त्यातले मासे, वाळू हे पिढ्यान्‌पिढ्या त्या गावाचे मानले जाते. पनामाच्या गुना लोकांच्या बेटांवर माणूस नसला तरी माडांना मालक असतो; खाली पडलेला नारळही उचलायचा नाही, कारण कोलंबियाहून येणाऱ्या व्यापारी होड्यांना ते नारळ विकूनच अनेक घरे चालत आली. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. चित्रफितीतले 'निर्जन बेट' म्हणजे बहुतेकदा कुणाचीतरी वाडी असते.

तरीही खरोखर निर्जन बेटे आहेतच ना, असे कुणी म्हणेल. सर्वांत जास्त नावाजलेले उदाहरण हिंदी महासागरातलेच आहे: मालदीवच्या दक्षिणेचे चागोस. तिथल्या सालोमन प्रवाळवलयात कित्येक दशके बोटीवाले महिनोन्‌महिने मुक्काम करत. बोदाम बेटावरची विहीर वापरत, पडक्या चर्चजवळ, पडक्या घरांमध्ये संध्याकाळी जमत. जगातला अखेरचा स्वर्ग, असे त्याचे वर्णन होई.

पण विहीर कुणी खणली होती? 1965 साली ब्रिटनने हा द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला, 1966 साली त्यातले दिएगो गार्सिया बेट अमेरिकेला लष्करी तळासाठी देऊ केले, आणि 1968 ते 1973 या काळात दीड ते दोन हजार चागोसवासी हटवले. पाळलेली कुत्री खोबरे वाळवायच्या शेडमध्ये कोंडून धुराने मारली. माणसांना बोटीत भरून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवले. पोर्ट लुईच्या झोपड्यांत त्यांची पुढची पिढी वाढली. मॉरिशसच्या मराठी माणसांना हा इतिहास परका नाही, तो त्यांच्याच देशाचा आहे. याच दिएगो गार्सियावर 1952 साली मोइतेसिएची पहिली बोट फुटली, तेव्हा ते बेट माणसांचे होते आणि बोट गमावलेला हा खलाशी तिथून मॉरिशसला पोहोचला.

बोटीवाल्यांनी कुणाला हाकलले नाही, हा आक्षेप मी मान्य करतो. माझा आक्षेप त्या नजरेवर आहे, जिला रिकामपण म्हणजे निसर्ग वाटतो. 2002 च्या ब्रिटिश सरकारी अहवालाने मूळ रहिवाशांचे परतणे खर्चिक आणि जोखमीचे ठरवले. त्याच काळात त्याच वलयात परक्या बोटी पावसाचे पाणी आणि मासे यांवर सुखाने राहत होत्या. पुढे परवाने कडक झाले, पण चागोसवासीयांना घरी राहायला जाता आलेच नाही.

मग बोटीवरच्या जगण्यात मोलाचे काय उरते? पुष्कळ. ते कळायला 1769 साली इंग्रज दर्यावर्दी कुकच्या 'एंडेव्हर' जहाजावर चढलेला तुपाइया पाहावा. ताहितीजवळच्या रायातेआ बेटाचा हा पुरोहित आणि नाविक. आसपासच्या बेटांची नावे आणि दिशा त्याला तोंडपाठ होत्या. हजारो मैलांवरच्या न्यूझीलंडला जहाज लागले, तेव्हा माओरींची बोली त्याला समजली आणि त्याची त्यांना. चार वर्षांनी कुक परतला तेव्हा लोकांनी विचारले, तुपाइया कुठे आहे? तो वाटेत बटाव्हियाला वारला होता. या नाविकांना समुद्र ओलांडणे म्हणजे नाती जोडणे वाटे, आणि बोटीवर जगणाऱ्याने मिरवावी अशी परंपरा हीच आहे. कावाची जुडी घेऊन गावात जाणारा आजचा प्रवासी तिच्या जवळ जातो, म्हणूनच त्याच्याविषयी मला आशा वाटते.

22 मे 2025 रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी चागोसच्या करारावर सह्या केल्या. त्यानुसार दिएगो गार्सियाचा तळ 99 वर्षे राहील. इतर बेटांवर पुनर्वसन करण्याची मुभा मॉरिशसला मिळेल. सालोमन त्यांतच येते. माझी मागणी एवढीच आहे: यापुढे त्या खाजणात शिरणाऱ्या प्रत्येक बोटीच्या परवान्यावर चागोसवासीयांची संमती असावी, त्याचे शुल्क त्यांना मिळावे, आणि बोदामच्या विहिरीचा पहिला हक्क त्यांचा असावा.