दरड कोसळणार हे संगणकाला आधी कळतं का?

बदलापूरच्या खरवई भागातून मलंगगड, चंदेरी, माथेरानची डोंगररांग दिसते. याच रांगेच्या दक्षिणेला इर्शाळगड आहे. त्याच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबलं. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत या वाडीचं नाव नव्हतं. मग असा उतार संगणकाला आधी ओळखता येतो का?

हिशेब वरवर सोपा आहे. माती खाली खेचणारं वजन एका बाजूला, तिला धरून ठेवणारी पकड दुसऱ्या बाजूला. पकडीला खेचणाऱ्या बलाने भागलं की सुरक्षा गुणांक मिळतो. तो १ च्या खाली गेला की उतार घसरतो. संगणक उताराचे हजारो लहान तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यावर किती ताण येतो ते मोजतो.

हा हिशेब सगळ्यात अवघड जातो तो नॉर्वे, स्वीडन आणि कॅनडातल्या संवेदनशील चिकणमातीत. हिमयुगाच्या शेवटी ही माती समुद्रात साचली, नंतर जमीन वर उचलली गेली आणि गोड्या पाण्याने तिच्यातलं मीठ हळूहळू धुऊन नेलं. मागे उरली ती पत्त्यांच्या बंगल्यासारखी रचना. हात लावला नाही तर घट्ट, ढवळली तर अक्षरशः पातळ. नॉर्वेतल्या रिसा इथे २९ एप्रिल १९७८ रोजी गोठा वाढवण्यासाठी खणलेली सुमारे ७०० घनमीटर माती तळ्याकाठी टाकली गेली. तेवढ्या निमित्ताने ५० लाख घनमीटरहून जास्त जमीन तळ्यात गेली.

इथे साधा गुणांक फसतो, कारण तो सगळ्या उताराची पकड एकाच वेळी कामाला लागते असं धरतो. प्रत्यक्षात एक कोपरा तुटतो, तिथली पकड जवळजवळ शून्यावर येते, भार शेजाऱ्यावर जातो आणि तोही तुटतो. म्हणून नव्या मॉडेलमध्ये हलल्यावर माती किती मऊ होते हेही घालावं लागतं. ‘मटेरियल पॉइंट मेथड’सारख्या पद्धती तर माती सुटल्यावर वाहत कुठवर जाईल तेही दाखवतात. घरं कुठे बांधू नयेत हे ठरवायला खरा उपयोग त्याचाच.

सह्याद्रीत ही माती नाही, त्यामुळे नॉर्वेचं मॉडेल जसंच्या तसं उचलून चालत नाही. इथे बेसाल्ट झिजून तयार झालेली माती आणि मुरूम कठीण खडकावर बसलेले असतात. मुसळधार पावसात पाणी आत मुरतं, खडकापाशी अडतं, कणांमधला दाब वाढतो आणि पकड सुटते. त्यामुळे इथल्या मॉडेलला आधी मातीच्या थराची जाडी आणि आतल्या पाण्याचा दाब हवा. हे आकडे उपग्रहातून मिळत नाहीत. त्यासाठी डोंगरावर भोक पाडून दाबमापक बसवावे लागतात, आणि प्रत्येक वाडीवर ते करणं महागडं काम आहे.

त्याऐवजी हाताशी असतात ते नकाशे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे देशव्यापी दरडप्रवणता नकाशे १:५०,००० प्रमाणात आहेत, म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. शे-दीडशे मीटरांची वाडी त्यावर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. तालुक्यातला कुठला पट्टा धोक्याचा हे असा नकाशा सांगू शकतो. कुठल्या घरामागचा उतार कुठल्या रात्री सुटेल, हे त्याच्याकडून अपेक्षित नाही.

उतार हलायला लागल्याच्या काही खुणा मात्र उघड्या डोळ्यांना दिसतात: जमिनीत वा भिंतीत नव्या भेगा, कललेली झाडं नि खांब, नव्या जागी फुटलेला झरा, एकाएकी गढूळ झालेलं ओढ्याचं पाणी. भर पावसात यातलं काही दिसलं तर उताराखालून बाजूला होऊन १०७७ या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर कळवावं.