काजळीचा हिशोब

एसएलआर म्हटलं की आपल्यापैकी निम्म्या लोकांना कॅमेरा आठवतो. उरलेल्यांना गणपतीच्या बंदोबस्तावर उभ्या असलेल्या पोलिसाच्या खांद्यावरची लांबलचक रायफल आठवत असेल, तर आजचा लेख त्यांच्यासाठी. (कॅमेरावाल्यांनीही थांबायला हरकत नाही. गणित फार नाही.)

ही एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. चाप ओढला की एक गोळी सुटते, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर पडते आणि पुढचं काडतूस आपोआप नळीत जाऊन बसतं. पुन्हा चाप ओढा, पुन्हा एक गोळी. यालाच सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात. त्याआधीच्या थ्री-नॉट-थ्रीमध्ये हे सगळं हाताने करावं लागे: दाराच्या कडीसारखा बोल्ट वर उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा. प्रत्येक गोळीला हा उपद्व्याप.

मग एसएलआरमध्ये हे 'आपोआप' करतं कोण? उत्तर आहे गॅस. काडतुसातली दारू जळली (बंदुकीची दारू, शनिवारची नव्हे) की प्रचंड दाबाचा गरम वायू तयार होतो आणि तो गोळीला पुढे ढकलतो. नळीला मध्येच एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. गोळी त्या छिद्रापुढे गेली की थोडासा वायू त्यातून निसटतो, आणि तोच बोल्ट मागे ढकलायचं काम करतो. फुकटची ऊर्जा! पण फुकट काहीच नसतं. हा वायू गरम असतो आणि त्यात काजळी असते. आता ही काजळी कुठे जाऊ द्यायची, यावरून रायफल बनवणाऱ्यांत दोन घराणी पडली.

पहिलं घराणं पिस्टनवाल्यांचं. छिद्राजवळच एक छोटा सिलिंडर, त्यात पिस्टन. वायू पिस्टनला ढकलतो, पिस्टन बोल्टला ढकलतो. काजळी पुढच्या पुढे राहते. यातही दोन पोटजाती आहेत. 'शॉर्ट स्ट्रोक'मध्ये पिस्टन कॅरमच्या स्ट्रायकरसारखा एक टोला देऊन थांबतो आणि बोल्ट सोंगटीसारखा पुढचा प्रवास एकटा करतो. आपली एसएलआर अशी. 'लाँग स्ट्रोक'मध्ये पिस्टन आणि बोल्टचा कॅरियर एकमेकांना जोडलेले, मागे जायचं तर दोघं मिळून जाणार. एके-४७ अशी.

दुसरं घराणं 'डायरेक्ट इम्पिंजमेंट'चं. इथे सिलिंडर-पिस्टनचं लटांबर नाही. एक बारीक स्टीलची नळी वायूला थेट मागे बोल्टपर्यंत घेऊन येते. स्वीडनची १९४२ सालची युंगमान आणि फ्रान्सची १९४९ ची एमएएस या सेमी-ऑटोमॅटिक रायफली याच पद्धतीच्या. सगळ्यात प्रसिद्ध मात्र अमेरिकन युजीन स्टोनरची एआर-१५, म्हणजेच पुढची एम-१६. खरं तर स्टोनरने पिस्टन काढून टाकलाच नाही, त्याने तो बोल्टच्या आत नेला. वायू कॅरियरच्या पोटात शिरतो, तिथे बोल्ट स्वतःच पिस्टनसारखा वागतो. १९५६ मध्ये अर्ज केलेल्या आणि १९६० मध्ये मिळालेल्या त्याच्या पेटंटमध्ये हेच आहे. फायदा असा की वजन कमी, हलणारे भाग नळीच्या सरळ रेषेत, म्हणून रायफल कमी उसळते. तोटा असा की काजळी थेट यंत्राच्या गाभ्यात.

माझं गाव खोडाळा, मोखाडा तालुका. आमच्या जुन्या घरात चूल आतच होती आणि वरचे वासे काजळीने काळेभोर झालेले. शेजारच्यांनी चूल पडवीत काढली होती, त्यांचं माजघर स्वच्छ. पिस्टन आणि इम्पिंजमेंटमधला फरक मला इतकाच वाटतो: चूल पडवीत की घरात. पण खोडाळ्याचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला अजून एक गोष्ट माहीत असते. चूल तीच, घर तेच, पण उन्हाळ्यातल्या वाळल्या लाकडाची काजळी वेगळी आणि श्रावणातल्या ओल्या लाकडाची वेगळी. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या दोन घराण्यांवरून लोक जे भांडतात, त्यापुढे आपली विंडोज विरुद्ध लिनक्स म्हणजे बालवाडी. पिस्टनवाले म्हणतात इम्पिंजमेंट अडकतंच, इम्पिंजमेंटवाले म्हणतात पिस्टन म्हणजे उगाच ओझं. माझं म्हणणं असं, की इतिहास उघडून बघितला तर रायफली ज्या ज्या वेळी माणसांच्या जिवावर उठल्या, त्या त्या वेळी गुन्हेगार भलताच निघाला. दोन केसेस बघू. एक व्हिएतनामची, दुसरी पुण्याची.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६२ मध्ये आपले जवान हिमालयात थ्री-नॉट-थ्री घेऊन लढले. समोर बऱ्याच चिनी सैनिकांकडे टाइप ५६ कार्बाइन होत्या, म्हणजे सोव्हिएत एसकेएसची नक्कल. सेमी-ऑटोमॅटिक, शॉर्ट स्ट्रोक पिस्टन. बर्फात गारठलेल्या बोटांनी दर गोळीला बोल्ट ओढणं म्हणजे काय, याची कल्पना करा. त्यानंतर आपल्याकडे एसएलआर झपाट्याने आली. मूळ डिझाइन बेल्जियमच्या एफएन कंपनीचं एफएएल, आपली आवृत्ती १ए१, कारखाना बंगालमधल्या ईशापूरचा. १९७१ च्या युद्धात आपल्या पायदळाची मुख्य रायफल हीच होती.

या रायफलीतली एक गोष्ट इंजिनियर म्हणून मला फार आवडते. तिला गॅस रेग्युलेटर आहे. रेग्युलेटर पूर्ण उघडा असेल तर बराचसा वायू बाहेर वाया जातो. जवानाने तो हळूहळू बंद करत जायचा, रायफल नीट चालेपर्यंत. म्हणजे लागेल तितकाच वायू घ्यायचा. चिखल झाला, धूळ साचली तर थोडा जास्त. डिझाइन करणाऱ्याने गृहीत धरलंय की जग घाणेरडं असणार, आणि ते हाताळायचं साधन वापरणाऱ्याच्या हातात दिलंय.

आता व्हिएतनाम. १९६५ नंतर अमेरिकन सैनिकांच्या हातात एम-१६ मोठ्या संख्येने आली आणि अडकू लागली. रिकामी पुंगळी चेंबरमध्येच घट्ट बसायची आणि ती काढायला नळीत पुढून सळई घालावी लागायची. समोरून गोळीबार चालू असताना! उघडलेल्या रायफलीशेजारी साथीदार मरून पडलेले दिसले, अशी पत्रं सैनिकांनी घरी लिहिली. प्रकरण अमेरिकन संसदेपर्यंत गेलं आणि १९६७ मध्ये आयकॉर्ड समितीचा अहवाल आला.

त्यात निघालं काय? रायफल डिझाइन आणि टेस्ट झाली होती एका दारूवर आणि प्रत्यक्षात काडतुसांत भरली गेली दुसरीच, 'बॉल पावडर'. तिने छिद्रापाशी दाब वाढवला, बोल्ट ठरल्यापेक्षा वेगाने मागे जाऊ लागला. तिच्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटचा थर वायूच्या नळीत बसू लागला. चेंबरला क्रोमचा मुलामा दिला नव्हता, दमट हवेत ते गंजायचं. आणि वर कहर म्हणजे या रायफलीला फारशी साफसफाई लागत नाही असा समज पसरला होता. अनेकांना साफसफाईचं किटच मिळालं नव्हतं. ओली लाकडं चुलीत घालायची, वर केरसुणीही द्यायची नाही, आणि मग घर काळं झालं म्हणून चुलीला शिव्या द्यायच्या.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे नवीन नाही. कोड तोच, टेस्टिंग झालेलं, आणि प्रॉडक्शनवर टाकताना कुणीतरी खालची लायब्ररी बदलली. फरक इतकाच की आपल्याकडे फार तर रात्री दोनला फोन येतो.

दुरुस्ती काय झाली ते महत्त्वाचं आहे. दारूतल्या कॅल्शियम कार्बोनेटवर मर्यादा आली, बोल्टचा वेग आवरायला बफर बदलला, चेंबरला क्रोम आलं, किट वाटली गेली. साफसफाईसाठी तर चक्क कॉमिक पुस्तक काढलं, विल आयस्नर या नामवंत चित्रकाराकडून. पण वायू आत नेणारी ती नळी? तिला हात लावला नाही. तीच पद्धत पुढची कित्येक दशकं एम-१६ आणि एम-४ मध्ये चालली.

आता पुण्याची केस. हिंजवडीला जाताना तुमच्यापैकी अनेक जण पाषाणवरून जातात. तिथे एआरडीई आहे, डीआरडीओची शस्त्रास्त्र प्रयोगशाळा. एसएलआरची जागा घेणारी ५.५६ मिलिमीटरची इन्सास रायफल १९८० च्या दशकात याच संस्थेने डिझाइन केली. व्हिएतनामचा धडा सगळ्यांसमोर होता. पाषाणच्या लोकांनी काजळी पुढेच ठेवणारा मार्ग निवडला: कलाश्निकोव्हच्या धर्तीचा लाँग स्ट्रोक पिस्टन आणि फिरणारा बोल्ट, त्यावर एफएएलच्या धर्तीचा गॅस रेग्युलेटर. एका वेळी एक गोळी किंवा तीन गोळ्यांचा बर्स्ट. कागदावर बघाल तर जगातल्या दोन भरवशाच्या रायफलींचे सर्वोत्तम गुण एकत्र. वजन मात्र चार किलोच्या वर, एम-१६ए१ पेक्षा साधारण एक किलो जास्त.

१९९८ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात इन्सास दिसली. तोवर उशीर झालाच होता. ५.५६ ची काडतुसं पुरेशी नव्हती, ती इस्रायलमधून आणावी लागली. आणि पुढच्याच वर्षी कारगिल उभं राहिलं.

कारगिलच्या थंडीत इन्सासच्या तक्रारी आल्या. पण त्या वाचताना यादीकडे नीट बघा. प्लास्टिकची मॅगझिन थंडीत तडकली. रायफल अडकली. तीन गोळ्यांच्या बर्स्टवर ठेवलेली रायफल थांबेचना. तेल उडून डोळ्यात गेलं. यातल्या किती तक्रारी 'वायू कुठे न्यायचा' या प्रश्नाच्या आहेत? बहुतेक सगळ्या प्लास्टिकच्या, चापाच्या यंत्रणेच्या आणि कारखान्यातल्या गुणवत्तेच्या. म्हणजे व्हिएतनाममध्ये बदनाम पद्धतीची रायफल दारूमुळे अडकली, आणि कारगिलमध्ये नावाजलेल्या पद्धतीची रायफल मॅगझिनमुळे गोत्यात आली.

पुढे ऑगस्ट २००५ मध्ये नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यात माओवाद्यांच्या हल्ल्यात नेपाळी सैन्याचे ४० हून अधिक जवान मारले गेले. त्यांच्या सैन्याने इन्सासला दोष दिला, भारताकडून वापर आणि देखभालीकडे बोट दाखवलं गेलं. खरं खोटं काहीही असो, हा वाद होऊ शकला यातच एक मुद्दा आहे. रायफल पाठवली की काम संपत नाही. ती साफ कशी करायची, रेग्युलेटर कधी फिरवायचा, हे शिकवणं रायफलीचाच भाग आहे.

"म्हणजे पिस्टनला काहीच अर्थ नाही?" असं विचारणार असाल तर थांबा. अर्थ आहे. २००७ मध्ये अमेरिकन सैन्याने धुळीची एक कडक चाचणी घेतली. प्रत्येक प्रकाराच्या १० रायफली, एकूण ६०,००० गोळ्या. इम्पिंजमेंटवाली एम-४ अडकली ८८२ वेळा, तिच्याच धाटणीची पण शॉर्ट स्ट्रोक पिस्टन असलेली जर्मन एचके-४१६ अडकली २३३ वेळा. फरक मोठा आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या ८८२ पैकी २३९ वेळा दोष मॅगझिनचा होता. म्हणजे साधारण चौथा हिस्सा असा, ज्यावर पिस्टन बसवून काहीही उपयोग नाही.

आज इन्सास हळूहळू निवृत्त होते आहे. अमेठीजवळच्या कोरव्यात एके-२०३ बनते आहे. २०२१ च्या कराराचा आकडा सहा लाखांहून थोडा जास्त आहे, आणि पद्धत पुन्हा लाँग स्ट्रोक पिस्टनच. जानेवारी २०२४ मध्ये पाषाणच्या एआरडीईने हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर 'उग्रम' ही नवी रायफल दाखवली. तिचं काडतूस ७.६२ बाय ५१, म्हणजे जुन्या एसएलआरचंच. दर वेळी बातमीत नळी, पल्ला, वजन आणि 'गॅस ऑपरेटेड' हा शब्द येतो. जवानाच्या हाती पडल्यावर रायफल अडकेल की नाही हे ठरवणारे प्रश्न मात्र बातमीत येत नाहीत. दारू टेस्टिंगच्या वेळची आणि पुरवठ्याची एकच आहे का? मॅगझिन उणे किती अंशाला आपटून बघितलं? कारखान्यातून निघालेल्या हजाराव्या नगाचं माप पहिल्यासारखंच आहे का? जवानाला वर्षाला सरावासाठी गोळ्या किती मिळतात?

आपल्याकडे एखादी रिलीज फसली की रूट कॉज काढताना सगळ्यात सोपं असतं ते आर्किटेक्चरवर ढकलणं. आर्किटेक्चर बोलत नाही, त्याचं अप्रेझलही नसतं. रायफलीच्या बाबतीत तेच झालं, दोन देशांत, तीस-पस्तीस वर्षांच्या अंतराने. फक्त तिथला यूजर तक्रार नोंदवून दुसऱ्या दिवसाची वाट बघू शकत नव्हता. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी तुम्हाला "पिस्टन चांगला की इम्पिंजमेंट?" असं विचारलं, तर खुशाल पिस्टन म्हणा. आणि लगेच विचारा, मॅगझिन कुणी बनवलंय.