व्हर्डाना: आधी ठिपके, मग अक्षर

१९९० नंतर कचेऱ्यांमधल्या टेबलांवर संगणक आले आणि माणसं दिवसदिवस पडद्यावर वाचू लागली. वाचायला मिळत होती ती मात्र कागदासाठी घडवलेली अक्षरं. टाइम्स न्यू रोमन हा टाईप १९३२ साली लंडनच्या एका वृत्तपत्रासाठी तयार झाला. त्याच्या बारीक रेघा शाईच्या भरवशावर उभ्या. पडद्यावर शाई नसते, चौकोनी ठिपके असतात. त्या काळी ठिपका एकतर अक्षराचा, नाहीतर पार्श्वभूमीचा; मधलं काही नाही. विंडोजवर आठ पॉइंटाच्या मजकुराला उंचीत जेमतेम अकरा ठिपके मिळत आणि छोट्या अक्षराच्या अंगाला त्यातले पाच-सहा. एवढ्यात टाइम्सचं सौष्ठव बसवायचं कसं? अक्षरं चेपली जात, शेजारच्याला चिकटत. रोमनमधले आर आणि एन जवळ आले की एमच वाटे. असं प्रत्येक ओळीत थबकत वाचणं म्हणजे डोळ्यांना फुकटची मजुरी.

पडद्यासाठी पडद्याचंच अक्षर हवं, हा आग्रह मायक्रोसॉफ्टमधल्या व्हर्जिनिया हाउलेट यांनी धरला. काम गेलं अक्षररचनाकार मॅथ्यू कार्टर यांच्याकडे आणि त्यातून घडला व्हर्डाना हा फॉन्ट. या माणसाची निवड मला फार अर्थपूर्ण वाटते. १९३७ साली जन्मलेले कार्टर पोरवयात हॉलंडमधल्या हार्लेमला, एन्सखेडेच्या छापखान्यात, पोलादावर हाताने अक्षर कोरायला शिकले होते. पुढे अमेरिकेतल्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी त्यांनी बेल सेंटेनियल हा टाईप केला. स्वस्त कागद, वेगवान छपाई आणि अतिबारीक अक्षर. रेघा जुळतात तिथे शाई फुगणारच. म्हणून कार्टरांनी त्या सांध्यांना खाचा ठेवल्या. शाई पसरून खाच भरली की अक्षर नीट दिसे. माध्यमाची खोड आधी ओळखायची आणि मग आकार ठरवायचा, ही त्यांची रीत.

व्हर्डानाच्या वेळी त्यांनी नेहमीचा क्रम उलटा केला. एरवी आधी वळणदार बाह्यरेषा काढतात आणि ती ठिपक्यांवर बसवतात. कार्टरांनी आधी एकेका आकाराची अक्षरं ठिपके मांडूनच तयार केली. ती वाचनीय ठरल्यावर त्यांच्याभोवती बाह्यरेषा आखली. कोणत्या मापाला कोणता ठिपका पेटावा याच्या बारीक सूचना फॉन्टमध्ये भरण्याचं चिकाटीचं काम मोनोटाइप या फॉन्ट कंपनीच्या टॉम रिकनर यांनी केलं. त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं, पण व्हर्डाना पडद्यावर स्वच्छ दिसतो त्याचं अर्धं श्रेय त्यांचं आहे.

१९९६ साली व्हर्डाना आला. छोटी अक्षरं अंगाने उंच, पोटं रुंद, दोन अक्षरांत ऐसपैस जागा. ठळक केली तरी एकमेकांना न भिडणारी. मोठ्या आयला वर-खाली आडव्या रेघा दिल्या, त्यामुळे तो छोट्या एलपासून आणि एकच्या आकड्यापासून लगेच वेगळा कळतो. पासवर्ड किंवा खाते क्रमांक वाचणाऱ्याला याची किंमत विचारा. मेनू आणि बटणांच्या अरुंद जागेसाठी त्याचंच सडपातळ भावंड टाहोमा आलं; विंडोज एक्सपीच्या खिडक्यांमधून ते सगळ्यांच्या नजरेखालून गेलेलं आहे.

देवनागरीची अडचण याहून मोठी. शिरोरेघेवर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, शिवाय जोडाक्षरं. आणि ठिपके तेवढेच. विंडोज २००० बरोबर आलेला र. कृ. जोशी यांचा मंगल हा देवनागरी फॉन्ट याच टंचाईतून वाट काढत होता. अनेकांनी युनिकोडमधली मराठी पहिल्यांदा वाचली ती मंगलमध्येच.

२००९ साली आयकिया या फर्निचर कंपनीने फ्युचुरा हा टाईप सोडून व्हर्डाना घेतला आणि तो थेट फलकांवर चढवला, तेव्हा डिझायनरांनी गदारोळ केला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं: अकरा ठिपक्यांसाठी रुंदावलेलं अक्षर हातभर मोठं केलं की बोजड दिसतं. दोष जागेच्या निवडीचा होता, अक्षराचा नव्हे. आता फोनच्या पडद्यावर एका इंचात तीनशेहून जास्त ठिपके मावतात आणि कागदाचे जुने टाईपही तिथे नीट उमटतात. साध्या मॉनिटरवर आकड्यांचे बारीक रकाने तपासणाऱ्याने मात्र एकदा व्हर्डाना लावून बघावा.