एकेका मतासाठी

जून 2024 मध्ये सोलजवळ कोरिया-आफ्रिका शिखर परिषद भरली. आफ्रिकेतून 48 देशांची शिष्टमंडळे आली. दक्षिण कोरियाने 2030 पर्यंत विकास-मदत 10 अब्ज डॉलरपर्यंत नेण्याचे जाहीर केले आणि बॅटऱ्यांना लागणाऱ्या खनिजांची बोलणी झाली. उघड व्यापार, यात लपवण्यासारखे काही नाही. पण ही बातमी वाचताना मला 1982 मधला लिब्रव्हिलचा किस्सा आठवला.

त्या ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियाचे अध्यक्ष चुन दू-ह्वान गॅबनच्या या राजधानीत उतरले. स्वागताला बँड उभा होता. त्याने वाजवले उत्तर कोरियाचे राष्ट्रगीत! हसू येते खरे. पण बँडवाल्यांचा तरी काय दोष? दोन्ही कोरियांची माणसे इतकी वर्षे आफ्रिकेत दारोदार फिरत होती, की कोण कुठला हे यजमानांच्या ध्यानात राहणे कठीणच.

हे फिरणे होते संयुक्त राष्ट्रांतल्या मतांसाठी. दोन्ही कोरिया तिथे सभासद नव्हते आणि 'खरा कोरिया मीच' असे दोघांचेही म्हणणे. 1960 या एका वर्षात 16 आफ्रिकी देश सभासद झाले आणि त्यांच्या मताला भाव आला. दक्षिणेने डॉक्टर पाठवले. उत्तरेने स्मारके उभारून दिली, लष्करी प्रशिक्षकही धाडले. झिंबाब्वेच्या ज्या पाचव्या ब्रिगेडने 1983 पासून मताबेलेलँडमध्ये हजारो नागरिक मारले, तिला शिकवून तयार केले होते उत्तर कोरियाने. या चढाओढीची किंमत कोणी मोजली, हे इतिहास लिहिताना विसरता कामा नये. आणि पदरात काय पडले? 1975 मध्ये आमसभेने कोरियाविषयी दोन परस्परविरोधी ठराव एकाच दिवशी मंजूर केले!

सोमालियातही दोघांचे दूतावास होते. उत्तरेचा जुना, दक्षिणेचा 1987 नंतरचा. एकमेकांचे तोंड न पाहणारी ही मंडळी. 1990 च्या अखेरीस बंडखोर मोगादिशूत शिरले, सियाड बारे यांची सत्ता डळमळली, लुटालूट सुरू झाली. उत्तरेच्या दूतावासातली माणसे बायकामुलांसह विमानतळावर अडकली. तिथे दक्षिणेचे राजदूत कांग शिन-सुंग यांची गाठ पडली आणि त्यांनी सर्वांना आपल्या घरी नेले. शत्रूला आसरा देणे हा त्यांच्या देशात गुन्हा ठरू शकला असता. दुसऱ्या दिवशी मोटारींतून सारे इटलीच्या दूतावासाकडे निघाले. वाटेत गोळीबार झाला आणि उत्तरेचा एक चालक मरण पावला. इटलीचे उत्तर कोरियाशी तेव्हा राजनैतिक संबंधही नव्हते. तरी जानेवारी 1991 मध्ये इटलीच्याच लष्करी विमानाने दोन्ही गट केनियातील मोंबासाला पोहोचले.

तिथे उतरल्यावर ते वेगळे झाले आणि आपापल्या वाटेने गेले. आठ महिन्यांनी, 17 सप्टेंबर 1991 रोजी, दोन्ही कोरिया एकाच दिवशी संयुक्त राष्ट्रांचे सभासद झाले.