माळवद : पाण्याचा हिशेब आणि वजनाचा हिशेब

१/ गेवराई परिसरात आणि एकूणच मराठवाड्यात जुन्या घरांवर सपाट माळवद असे. दगडी भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती चोपून बसवली की उन्हाळ्यात घर थंड राही आणि पावसाचे पाणी वरच्यावर वाहून जाई.

२/ पावसाने माती धुपे, भेगा पडत. म्हणून मृगापूर्वी नवी माती टाकण्याची रीत पडली. जुनी मात्र क्वचितच उतरवली जाई. पिढ्यान्‌पिढ्या थर चढत गेले.

३/ विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत डांबरी कौले आली. तिथेही शत्रू पाणीच. पण कारखान्यात प्रत्येक थराला माप असते. तापलेल्या डांबरात हवा फुंकून ते घट्ट करतात. कमी फुंकले तर उन्हात ओघळते, जास्त फुंकले तर थंडीत तडकते. पट्टीवर किती डांबर, किती खडीचे दाणे, हे सतत तोलले जाते.

४/ माळवदाचे वजन कोणीच तोलले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंती ढासळल्या आणि ती सारी माती झोपलेल्या माणसांवर आली. सुमारे ८,००० जीव गेले.

५/ पुढे जुन्या घरांच्या मजबुतीकरणात माळवदावरची जादा माती उतरवणे हा महत्त्वाचा उपाय ठरला. आपल्या गावी माळवद उभे असेल, तर त्याच्या मातीची जाडी एकदा अवश्य मोजावी.