जेस फिशलॉक : एकोणीस वर्षांची प्रतीक्षा

वेल्सच्या महिला फुटबॉल संघाची मधली फळी जवळपास दोन दशके सांभाळणाऱ्या जेस फिशलॉकचा जन्म १४ जानेवारी १९८७ रोजी कार्डिफ येथे झाला. आंतरराष्ट्रीय पदार्पण २००६ मध्ये. शंभर आंतरराष्ट्रीय सामने खेळणारी वेल्सची पहिली फुटबॉलपटू होण्याचा मान तिने २०१७ मध्ये मिळविला. पुरुष संघात हा टप्पा त्यानंतर चार वर्षांनी, क्रिस गंटरने गाठला.

नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, जर्मनी अशी भ्रमंती करणारी जेस २०१३ पासून अमेरिकेत सिऍटलकडून खेळू लागली. २०१९ मध्ये लियाँकडून खेळताना तिने चॅम्पियन्स लीगचे विजेतेपद अनुभवले, तर २०२१ मध्ये ती अमेरिकी लीगची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

देशाकडून मोठी स्पर्धा मात्र हुलकावणी देत राहिली. २०२२ मध्ये स्वित्झर्लंडने जादा वेळेच्या अखेरीस गोल करून वेल्सचे विश्वचषकाचे स्वप्न मोडले. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये आयर्लंडला नमवून वेल्सने युरो २०२५ गाठली. तेथे तिन्ही सामने गमावले. तरी फ्रान्सविरुद्ध ३८ वर्षांच्या जेसने केलेला गोल हा मोठ्या स्पर्धेतील वेल्सच्या महिला संघाचा पहिलाच गोल होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ४८ गोलांच्या राष्ट्रीय विक्रमासह, तिने आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला.