वऱ्हाडांतील घराण्यांचा पूर्वजशोध : इंझोरीच्या निमित्तानें कांहीं सूचना

आपल्या घराण्याची वंशावळ तयार करावी अशी इच्छा अलीकडे वऱ्हाडांतील पुष्कळ कुटुंबांत उत्पन्न झाली आहे, व ती स्तुत्य आहे. परंतु आरंभ बहुधा उलट्या टोंकाकडून होतो. आडनांव पवार असलें कीं धारच्या परमारांपासून आणि जाधव असलें कीं देवगिरीच्या यादवांपासून खालीं उतरत यावयाचें, व मध्यें पांच-सहा शतकें रिकामीं राहिलीं म्हणजे तीं एकाद्या छापील बखरींतील नांवांनीं भरून काढावयाचीं! अशी वंशावळ भिंतीवर शोभते. पुराव्यास उभी राहत नाहीं. आमच्या मतें पूर्वजशोधाचा मार्ग जिवंत माणसापासून मागें आणि गांवापासून बाहेर असाच गेला पाहिजे. हा मार्ग प्रत्यक्षांत कसा चालावा हें दाखविण्यासाठीं वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील इंझोरी हें गांव आम्ही उदाहरणादाखल घेतों. तेथील कोणतेंहि विशिष्ट घराणें आमच्या डोळ्यांपुढें नाहीं. शोध करणाऱ्याचा आजा किंवा पणजा तेथें नांदत होता, एवढेंच गृहीत धरावें.

या कामीं आयर्लंडचें उदाहरण बोधप्रद आहे. डब्लिन येथील फोर कोर्ट्सच्या आवारांतील सरकारी दप्तरखाना ३० जून १९२२ रोजीं यादवी युद्धाच्या प्रारंभीं स्फोट होऊन जळाला. इ. स. १८२१ ते १८५१ च्या खानेसुमारीचीं बहुतेक घरपत्रकें त्यांत गेलीं. १८६१ ते १८९१ चीं तर त्यापूर्वींच सरकारी आज्ञेनें नष्ट करण्यांत आलीं होतीं. आज १९०१ व १९११ चीं पत्रकें पूर्ण असून तीं आंतरजालावर कोणासहि विनामूल्य पाहतां येतात. त्यापूर्वींच्या पिढ्यांसाठीं आयरिश शोधक कशाचा आश्रय करितो? ग्रिफिथ याच्या देखरेखीखालीं १८४७ ते १८६४ या काळांत झालेल्या जमीनआकारणीचा! म्हणजे कर बसविण्याकरितां केलेली यादी पूर्वजांची वही बनली. आणि त्या देशांत साठ हजारांहून अधिक लहान लहान 'टाउनलँड' असल्यामुळें, आपल्या माणसाचा टाउनलँड कोणता हें कळल्यावांचून पुढें पाऊल पडत नाहीं.

वऱ्हाडची स्थिति यांहून फारशी निराळी नाहीं. आपल्याकडील खानेसुमारीचे छापील ग्रंथ आंकडे देतात, माणसांचीं नांवें देत नाहींत. सबब येथेंहि महसुली दप्तर हाच मुख्य आधार, आणि गांव हीच पहिली किल्ली.

गांव ठरलें तरी त्याचें दप्तर कोठें असावें हें ठरविण्यास राज्यकर्त्यांची परंपरा ठाऊक पाहिजे. वऱ्हाड निजामानें १८५३ च्या तहानें कंपनीच्या हवालीं केला. १९०२ सालीं तो कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे राहिला व १९०३ पासून मध्यप्रांतास जोडला गेला. पूर्वींचा वाशिम जिल्हा १९०५ त मोडून वाशिम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे, आणि पुसद यवतमाळकडे गेला. पुढें १९५६ त विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्रांत आला. सध्यांचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यांतून निघाला. अर्थात् इंझोरीच्या शोधकानें मानोरा तहसील कचेरी व वाशिम यांवर न थांबतां अकोला, यवतमाळ, नागपूरचें पुराभिलेख कार्यालय आणि निजामाच्या अंमलापुरतें हैदराबाद इतकीं ठिकाणें ध्यानांत ठेविलीं पाहिजेत. लायल यांनीं संपादिलेलें वऱ्हाडचें १८७० चें गॅझेटियर व १९१० चें अकोला जिल्ह्याचें गॅझेटियर हे ग्रंथ यासाठीं आधीं चाळावे. यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' (१९२४) तर जवळच असावा.

आतां प्रत्यक्ष साधनें. संग्राहकांचा ओढा सनदा, महजर व फारसी फर्मानें यांकडे असतो. आमचा आग्रह असा कीं, वऱ्हाडांतील सामान्य कुटुंबास यांपेक्षां कोतवाल बुक शतपटीनें मोलाचें आहे. गांवच्या जन्ममृत्यूच्या या नोंदी, ज्यांस गांव नमुना १४ असेंहि म्हणतात, त्यांत तारीख, बापाचें नांव, जात, आणि मृत्यूच्या नोंदींत बहुधा वय व रोगहि मिळतो. जन्माच्या नोंदींत मुलाचें नांव पुष्कळदां नसतें, कारण वर्दी बारशाच्या आधींच गेलेली असे. केवळ 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेंच लिहिलेलें असतें. तेव्हां अमुक नोंद आपल्या आजाचीच, हें म्हणण्यापूर्वीं त्याच बापाचीं आगेंमागें झालेलीं इतर अपत्यें मांडून पाहिलीं पाहिजेत. शेतसाऱ्याच्या कागदांत भूमिहीनाचें नांव येत नाहीं, स्त्रीचें क्वचित् येतें. कोतवाल बुकांत मात्र मजुराचें मूल व पाटलाचें मूल एकाच पानावर आढळतें. ज्या घरास वतन नाहीं, शेत नाहीं, सनद नाहीं, त्या घराचा इतिहास कित्येकदां या एका ओळींत असतो.

आणि त्या ओळीवर आज बरेंच कांहीं अवलंबून आहे. जातीच्या दाखल्याच्या पडताळणींत अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वींचा पुरावा महत्त्वाचा धरला जातो. हे कागद म्हणजे केवळ हौशी लोकांचा विषय नव्हे. कोणाची शिष्यवृत्ति व कोणाची नोकरी त्यांत अडकलेली असते. न्यायमूर्ति शिंदे समितीच्या कामानिमित्त २०२३ पासून कुणबी नोंदींसाठीं जुन्या दप्तरांचा मोठा शोध झाला, व सांपडलेल्या नोंदींचीं छायाचित्रें जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यांत आलीं. त्या वादाचा निर्णय करणें आमचें काम नाहीं; पण एका विशिष्ट हेतूनें झालेली निवड म्हणजे संपूर्ण दप्तर नव्हे, हें शोधकानें विसरूं नये. तेथें नांव न मिळालें म्हणून नोंदच नाहीं असें समजणें चूक होय.

महसुली कागदांपैकीं फेरफाराचें रजिस्टर सर्वांत फलदायी आहे. खातेदार मयत झाला कीं वारसांचीं नांवें त्यांत चढतात, त्यामुळें एका नोंदींत दोन, कधीं तीन पिढ्या एकत्र सांपडतात. सध्यांचा सात-बारा घरबसल्या संगणकावर पाहावा, त्यावरील फेरफार क्रमांक टिपून घ्यावे, व त्या क्रमांकांच्या आधारें एकेक पायरी मागें जावें. महसूल खात्यानें जुन्या अभिलेखांचीं छायाचित्रें 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर ठेविलीं आहेत. तेथें वाशिमबरोबर अकोला जिल्ह्याच्या नांवाखालींहि पाहावें. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख हा विदर्भांतील शोधाचा एक पक्का टप्पा आहे. त्यामागें पेरेपत्रकें व पैमाशीचे कागद येतात.

या कागदांचें वाचन करतांना कांहीं शब्द ओळखीचे पाहिजेत. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'जौजे' म्हणजे पत्नी, 'बेवा' म्हणजे विधवा, 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. या शेवटल्या खुणेवरून वारस त्या वर्षीं वयांत आलेला नव्हता हें कळतें, व जन्मवर्षाची एक मर्यादा ठरते. जुने कागद मोडींत असतात. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद नाहीं व अनुस्वार बहुधा गाळलेला असतो. म्हणून 'इंझोरी' हें 'ईझोरी' असें दिसेल, घाईच्या हातानें लिहिलें असल्यास 'इजोरी'हि वाटेल. इंग्रजी अक्षरांतील स्पेलिंगें तर याहून नाना प्रकारचीं. संगणकावरील सूची तयार करणारा कारकून हीं नांवें जशीं वाचतो तशीं लिहितो. त्याच्या सूचीवर निकाल न देतां मूळ पानाचें छायाचित्र स्वतः वाचावें. कालगणनेंतहि सावध असावें. दक्षिणी फसलींत ५९० किंवा ५९१, शुहूर सनांत ५९९ किंवा ६००, आणि शकांत ७८ किंवा ७९ मिळविले असतां इसवी सन येतो. एका वर्षाच्या चुकीनें नातू आजाच्या मृत्यूनंतर जन्मलेला कीं आधीं, हा प्रश्न उलटा सुटतो.

आडनांवाविषयीं थोडें निराळें लिहिलें पाहिजे. मानोरा तालुक्यांतच पोहरादेवी हें बंजारा समाजाचें तीर्थक्षेत्र आहे. त्या समाजांत राठोड, पवार, चव्हाण, जाधव हीं कुळें प्रसिद्ध आहेत. यांतील तीन नांवें मराठ्यांतहि आहेत. एकाच तालुक्यांत दोन जाधव भेटले म्हणजे ते एका वंशाचे असें मुळींच होत नाहीं. आडनांव हें शेवटीं तपासावयाचें प्रमाण. आधीं गांव, बापाचें नांव, शेताचा सर्व्हे नंबर व जात. बंजाऱ्यांच्या वंशपरंपरा भाट व ढाडी तोंडपाठ ठेवीत आले आहेत. त्या लिहून घ्याव्या, सांगणाऱ्याचें नांव व दिवस टिपावा, आणि कागदाशीं ताडून पाहाव्या. कागद नाहीं म्हणून त्या टाकून देणाऱ्या विद्वानांशीं आमचें जमत नाहीं. पण त्या न तपासतां छापणाऱ्यांशीं त्याहून जमत नाहीं.

क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या हें याहून जुनें साधन. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया येथें गेलेल्या यजमानाचें गांव, बाप, आजा, भाऊ, मुलें यांचीं नांवें व कधीं त्याची सहीहि तेथें मिळते. अमेरिकेंतील युटा येथील वंशावळ संस्थेनें १९७७ पासून हरिद्वार आदि ठिकाणच्या वह्यांचीं सूक्ष्मचित्रें घेतलीं. तीं आतां 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर आहेत. महाराष्ट्रांतील क्षेत्रांच्या वह्या मात्र मुख्यतः उपाध्यांच्या घरींच पाहाव्या लागतात. तेथें जातांना आडनांवाआधीं गांव सांगावें.

जैन कुटुंबांस इंझोरीच्या शेजारचें कारंजें हें एक स्वतंत्र भांडार आहे. सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तिन्ही परंपरांचीं मंदिरें तेथें असून, मूर्तींच्या पीठावरील लेखांत दात्याची ज्ञाति, गोत्र, भार्येचें नांव व पुत्रांचीं नांवें संवतासह कोरलेलीं असतात. स्त्रियांचीं नांवें महसुली कागदांनीं गाळलीं, तीं पितळेनें राखलीं! विद्याधर जोहरापूरकर यांच्या 'भट्टारक संप्रदाय' (१९५८) या ग्रंथांत असे अनेक लेख संकलित झाले आहेत.

एवढें सर्व करून दोन पिढ्यांमध्यें खिंड राहिली तर ती राहूं द्यावी, व वंशावळींत तेथें तुटक रेघ काढावी. खिंडीच्या पलीकडे देशमुख किंवा देशपांडे यांच्या घरची सनद मिळाली, व तिच्यांत आपल्या पणजाचें नांव दिसलें, तरी नांवाच्या सारखेपणावर सांधा जुळवूं नये. रामजी, तुकाराम, गणपत हीं नांवें प्रत्येक गांवांत दहा-दहा असतात.

कोतवाल बुकाचें पान फाटलेलें किंवा वाळवीनें खाल्लेलें निघालें तरी शोध संपला असें मानूं नये. डब्लिनच्या आगीला शंभर वर्षें झालीं तेव्हां, २०२२ सालीं, जळालेल्या दप्तराच्या इतरत्र असलेल्या नकला जमवून ते आंतरजालावर पुन्हां उभें करण्याचें काम लोकांपुढें आलें. इंझोरीच्या शोधकानेंहि गांवच्या प्रतीचा अर्ज नाकारला गेला असतां तहसिलींतील प्रत, जिल्हा अभिलेखागारांतील प्रत, शाळेचें प्रवेशरजिस्टर आणि लगतच्या गांवांचीं कोतवाल बुकें यांसाठीं वेगळे अर्ज करावे. लगतच्या गांवांचीं यासाठीं कीं, पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची चाल असल्यानें वडील मुलाची नोंद पुष्कळदां आजोळच्या वहींत असते.